आजची हवा ड्रीखट

आमच्या घरात आधीपासूनच दोन मराठी होत्या. आई नागपूरची, बाबा पुण्याचे, आणि दोघंही आपापल्या जागी ठाम. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात आईनं "येताना सांबार आणा" म्हटलं, तर बाबा हॉटेलातून पातेलंभर सांबार घेऊन आले, आणि आई बिचारी भाजीवर भुरभुरायला कोथिंबिरीची वाट बघत बसलेली. नागपूरला कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे बाबांना कुणी सांगितलंच नव्हतं. ही गोष्ट आमच्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ऐकावी लागे. त्यामुळे आम्ही अमेरिकेत नोव्हायला आल्यावर शेजारच्या नॅन काकूंची तिसरी भाषा घरात शिरली, तेव्हा तिला जागा करून देणं आम्हाला जड गेलं नाही. गंमत एवढीच, की ती तिसरी भाषा आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं. आम्ही तिला इंग्लिश समजत होतो.

बाबा गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होते. आमच्या घराची एक भिंत नॅन काकूंच्या घराची होती, आणि त्या भिंतीतून त्यांची किटली शिट्टी मारायची ती आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायची. आईच्या कुकरची शिट्टी त्यांना जायची. आम्ही राहायला आलो त्याच दुपारी बेल वाजली. दारात पांढऱ्या केसांची, ठेंगणी, गालांवर लाली असलेली बाई, हातात ताटली. माझ्याकडे बोट दाखवून ती आईला म्हणाली, पोरीला थोडी टॅब्लेट चालेल का? आईनं "नो, नो, थँक यू" म्हणत दार जवळजवळ लोटूनच घेतलं. "काय बाई आहे! ओळख ना पाळख, दारात उभी राहून गोळ्या वाटून राहिली!" मी तोवर ताटलीतले दोन तुकडे उचलून एक तोंडात टाकला होता. साखर, लोणी आणि आटवलेलं दूध. त्यांची टॅब्लेट म्हणजे आईच्या दुधाच्या वडीची सख्खी बहीणच. मी दुसरा तुकडा आईच्या तोंडात कोंबला, तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. तिनं दार पुन्हा उघडलं. काकू तिथेच उभ्या होत्या, हसत. त्या लग्न होऊन ग्लासगोहून नवऱ्यामागोमाग इकडे आल्या होत्या, नवरा मोटारीच्या कारखान्यात होता, तो गेल्याला बरीच वर्षं झाली होती, आणि दोन्ही मुलगे लांबच्या राज्यांत होते. पण हे सगळं आम्हाला हळूहळू कळलं. त्या दिवशी फक्त ताटली रिकामी झाली.

मी तेव्हा तेरा संपवून चौदाव्यात होते. शाळा सुरू व्हायला अवकाश होता, मैत्रीण नव्हती, आणि माझं पुस्तकी इंग्लिश तोंडातून बाहेर पडायला तयार नव्हतं. मी दुपारभर नॅन काकूंच्या स्वयंपाकघरात पडीक असे. त्या बटाटे सोलत बोलायच्या, मी ऐकायची. होकाराला त्या 'आय' म्हणत, तोही लांबवून. भिंतीपलीकडे आईला वाटे मीच हाक मारतेय, आणि ती कणकेच्या हातानं धावत येई. मग नॅन काकू तिलाही बसवून घेत. आईचं बोलकं इंग्लिश तिथेच सुरू झालं, माझंही तिथेच.

पहिला शब्द मला पक्का आठवतो. बाहेर पावसाळी, करडं, कंटाळवाणं आभाळ होतं. काकूंनी खिडकीतून पाहिलं आणि म्हणाल्या, "ड्रीख!" मी लगेच म्हटलं, "ड्रीख." त्यांच्या हातातली सुरी थांबली. पुन्हा म्हण, म्हणाल्या. मी घसा खाकरल्यासारखा तो ख काढून पुन्हा म्हटलं. त्यांनी टाळीच वाजवली! इतक्या वर्षांत या देशात एकालाही तो उच्चार धड जमला नव्हता. त्यांच्या सुना 'ड्रीक' म्हणायच्या, नातवंडं तेवढंही म्हणत नसत. आणि ही काल आलेली भारतीय पोरगी पहिल्या फटक्यात ख म्हणाली. त्या दिवसापासून त्यांनी माझ्यापुढे पोतडीच उघडली. डुगडुगणं म्हणजे शूगल. बावळटासारखं तोंड करणं म्हणजे ग्लेकिट. वैताग आला की स्कनर्ड. उगाच बडबड केली की हेवर. घाणेरडं ते क्लार्टी, आणि गप्प बस म्हणायचं तर नुसतं व्हीश्ट. ताटलीत उरलेला शेवटचा घास, जो प्रत्येकाला हवा असतो पण भिडेपोटी कुणी उचलत नाही, त्याला त्या प्लॉमिट म्हणत. हा शब्द मात्र त्यांच्या धाकट्या बहिणीनं लहानपणी बनवलेला होता, जगात दुसरीकडे कुठेही नव्हता. तेव्हा मला काय फरक पडणार? मी सगळे सारख्याच आनंदानं गोळा केले. आजही आमच्याकडे शेवटची पुरणपोळी उरली की माझा जावई विचारतो, "प्लॉमिट कुणाचं?" आणि खातो तोच.

गोंधळ झाले ते आईचे. एकदा मला सर्दी झाली होती. काकूंनी माझ्याकडे बघून आईला म्हटलं, ही आज पीली-वॉली दिसतेय. त्यांच्या भाषेत ते निस्तेज, फिक्कट. पण नागपूरच्या माणसाच्या कानाला हिंदी वेगळी शिकवावी लागत नाही. आईनं ऐकलं, पीली वाली! तिनं मला खिडकीपाशी ओढत नेलं, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या, नखं बघितली, आणि बाबांना ऑफिसात फोन लावला. "अहो, नॅन काकू सांगून राहिल्या, पोरगी पिवळी पडली! कावीळ आहे वाटते!" पुढे आठवडाभर मी बिनतेलाचं जेवले. बाबांनी डॉक्टरकडे नेलं, त्यांनी मुलगी ठणठणीत आहे म्हणून सांगितलं, तरी आई म्हणाली, "त्या बाईनं पाहिलं ते काय उगाच?"

त्याहून कहर पहिल्या बर्फात झाला. नॅन काकू पायरीवरून घसरल्या. आई धावत गेली, तर त्या कमरेखाली हात लावून सांगू लागल्या, माझ्या बहूकीला लागलं. बहूकी म्हणजे पार्श्वभाग, बसायची जागा. पण आईला ऐकू आलं 'बहू की', म्हणजे सुनेचं काहीतरी. काकूंचं धाकट्या सुनेशी पटत नाही हे तिला ठाऊक होतं. "सुनेनं काही केलं वाटते, म्हणूनच या पडल्या. बिचारी धड सांगूनही नाही राहिली," असं म्हणत ती संध्याकाळी गोळाभाताचा डबा घेऊन गेली, आणि उशीरपर्यंत काकूंचा हात धरून सुना कशा असतात यावर आपल्या मोडक्या इंग्लिशमध्ये बोलत बसली. काकू उशीवर तिरक्या बसून सगळं ऐकत होत्या. गोळाभात मात्र त्यांनी पुन्हा मागून घेतला, वर कढत तेल घालून, अगदी नागपूरकरासारखा.

आणि शब्द एकदा घरात आले की मराठीच्या हाताखाली सापडतातच. चिकट, कळकट असतं तसं हवेसाठी आमच्याकडे 'ड्रीखट' झालं. "आज काय ड्रीखट पडलंय!" क्लार्टी आणि कळकट यांचं लग्न लावून आईनं क्लार्कट केलं आणि माझी खोली म्हणजे क्लार्कटपणाचा कळस आहे असं जाहीर केलं. टेबल शूगलायचं, दात शूगलायचा, बाबांचं मन प्रमोशनच्या वेळी शूगलायचं. "फार हेवरू नकोस", "मी पुरती स्कनरले", "व्हीश्ट बस गं जरा". बाबांनी एकदा मीटिंगमध्ये सांगितलं, ही सीट खड्ड्यात शूगल करते. साहेबांनी मान डोलवली. त्यांना वाटलं, भारतात शिकवतात तो इंजिनिअरिंगचा शब्द असेल. पुढे त्यांची सगळी टीम तो वापरू लागली. आम्हा तिघांचा पक्का समज झाला होता की आपलं इंग्लिश आता झकास झालंय.

तो समज शाळेनं मोडला. नव्यानं आलेल्या मुलांसाठी इंग्लिशचा वेगळा वर्ग होता, आणि त्यातून बाहेर पडायचं तर मिस रेनर नावाच्या बाईंपुढे तोंडी परीक्षा द्यायची. मी मोठ्या आत्मविश्वासानं गेले. पहिलाच प्रश्न, सकाळी आपल्या शिक्षकांना तू कसं ग्रीट करतेस? आता नॅन काकूंच्या भाषेत ग्रीट म्हणजे रडणं. मी कुठे खरचटून आले की त्या म्हणायच्या, ग्रीट करू नकोस. मी जरा चकित झाले, पण अमेरिकन लोक काहीही विचारतात. म्हटलं, "मी सगळ्यांसमोर करत नाही. अगदीच वाटलं तर बाथरूममध्ये जाऊन करते." मिस रेनरनी पेन खाली ठेवलं. आणि घरी, आईवडिलांना? "बाबांना चालत नाही. आई करू देते, थोडा वेळ." दुसऱ्या दिवशी समुपदेशक बाईंचा घरी फोन. आई घाबरीघुबरी, बाबा ऑफिस सोडून शाळेत, आणि बराच वेळ खल होऊन शेवटी शाळेच्या लायब्ररीतल्या जाड शब्दकोशात ग्रीटचा तो दुसरा अर्थ सापडला, पुढे 'स्कॉटिश' असं लिहिलेला. समुपदेशक बाई हसल्या. मिस रेनर हसल्या नाहीत. म्हणाल्या, हिचं इंग्लिश लोकांना कळेल असं झालं पाहिजे, तोवर ही या वर्गातच बरी. तो वर्ग कॉरिडॉरच्या टोकाला होता आणि आमची जेवणाची सुट्टीही वेगळी असे. बाकीच्या शाळेनं माझा आवाजच ऐकला नव्हता. शेजारच्या लॉकरची मुलगी मला खुणा करून विचारायची, तुला ऐकू येतं का?

मला त्या प्रसंगाची गंमतच वाटली होती. मी घरी येऊन नॅन काकूंना तो साभिनय करून दाखवला. आई पोट धरून हसत होती. काकू हसल्या नाहीत. त्यांनी कप विसळून उपडा ठेवला आणि म्हणाल्या, माझ्या मुलांच्या वेळीही शाळेनं असंच बोलावलं होतं. तेव्हा नवरा म्हणाला, नॅन, आता पुरे, आपण इथे राहतो. आणि एखादा निसटलेला 'ड्रीख' वगळता त्यांनी ते बोलणं सोडून दिलं होतं. मुलांशी, नवऱ्याशी, दुकानात, सगळीकडे. मी आले, मला काही कळत नव्हतं, कुठला शब्द कुठला हे विचारायची नाही, म्हणून त्यांच्या तोंडून सुटत गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेले तर त्या म्हणाल्या, "हॅलो, डिअर. हाऊ आर यू टुडे?" अगदी विमानतळावरच्या घोषणेसारखं. आय नाही, व्हीश्ट नाही, काही नाही. बाहेर चांगलं ड्रीखट पडलेलं असताना त्या म्हणाल्या, "इट इज क्लाउडी." मला एकदम पोरकं वाटलं. आई त्या आठवड्यात म्हणाली, "काकूंकडे जाऊन बसलं तर असं वाटते, बँकेत बसलो." मग तिचंही बोलणं आटलं. दुकानात ती पुन्हा बोटानं वस्तू दाखवू लागली.

थंडी वाढली तशी शाळेत एक जागा निघाली. रोज सकाळी पहिल्या तासाआधी लाउडस्पीकरवर हवामान, जेवणातला पदार्थ, सामन्यांचे निकाल असं वाचून दाखवणारा मुलगा दुसऱ्या गावी गेला होता. मिस्टर हॅलोरन त्या कामाचे प्रमुख. ते म्हणाले, ज्याला हवं त्यानं नाव द्या, प्रत्येकाला एक सकाळ मिळेल. मी नाव दिलं. का दिलं ते आजही नीट सांगता येणार नाही, बहुतेक त्या खुणा करणाऱ्या मुलीमुळे. मिस रेनरना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, ठीक आहे, सगळं कळेल असं वाचलंस तर सुट्टीनंतर मी तुला नेहमीच्या वर्गात पाठवते. नाही तर पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी!

सराव नॅन काकूंनीच घेतला. त्यांच्याइतकी कडक मास्तरीण मला पुन्हा मिळाली नाही. अमेरिकन र कसा गोल करायचा, 'वॉटर'मधला ट कसा गिळायचा, सगळं त्यांना येत होतं, कारण ते त्यांनी स्वतः जिवावर येऊन शिकलेलं होतं. बाबा प्रिन्सिपॉल होऊन कॉफीचा कप घेऊन समोर बसत आणि आई भिंतीआडून ओरडे, "ऐकू आलं! स्पष्ट आलं!" माझ्या तोंडून चुकून आमच्यातला शब्द निघाला की काकू टेबलावर चमचा आपटत. "नॉट दॅट वन, डिअर." शेवटच्या दिवशी मी सगळं घडाघडा म्हटलं, एकही चूक नाही. त्यांनी माझ्या गालाला हात लावला, म्हणाल्या, आता तू कुठलीही वाटू शकतेस. मला ते शाबासकीसारखं वाटायला हवं होतं.

ती सकाळ मी आता ऐन म्हातारपणातही जशीच्या तशी सांगू शकते. बाहेर बर्फाचा चिखल, आभाळ पार खाली उतरलेलं. ऑफिसमागची छोटी खोली, हीटरचा करपट वास, दाराच्या काचेतून मिस रेनर हाताची घडी घालून उभ्या. मिस्टर हॅलोरननी बटण दाबलं, लाल दिवा लागला. माझा आवाज कॉरिडॉरमधून वळून माझ्याकडेच परत यायला लागला, मोठा झालेला, दुसऱ्याच कुणाचा तरी. गुड मॉर्निंग झालं, तारीख झाली, जेवणात काय ते झालं. र गोल, ट गिळलेला. मी कागद उलटायला गेले आणि कोपर माइकच्या दांडीला लागलं. दांडीचा स्क्रू ढिला होता. माइक डावीकडे, उजवीकडे डोलायला लागला. मी तो धरला आणि तोंडातून निघून गेलं, "अरे थांबा, हा माइक फारच शूगली आहे!" इंग्लिशमध्येच म्हटलं, पण नॅन काकूंच्या चालीत, त्यांच्या त्या लांबवलेल्या 'ऊ'सकट.

मग लांबून, जिमच्या बाजूनं, हसू आलं. मग शेजारच्या वर्गातून. भिंतींमधून ते सरकत सरकत आमच्या खोलीपर्यंत आलं. मिस्टर हॅलोरनचं बोट बटणावर गेलं. मी काचेकडे बघितलंच नाही. संपलं, म्हटलं. पुढचं वर्ष, कॉरिडॉरचं टोक, संपलं सगळं. आणि त्याच वेळी माझ्या ध्यानात आलं, की हे हसू वाईट नव्हतं. त्यात कुणीतरी 'शूगली, शूगली' म्हणत होतं. मग माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे! मी कागद खाली ठेवला. म्हटलं, शूगली म्हणजे डुगडुगणारं. आणि आजची हवा कागदावर क्लाउडी लिहिलीय, पण ती क्लाउडी नाही, ती ड्रीख आहे. शेवटी के नाही. घसा साफ करतो तसं करायचं. चला, सगळ्यांनी म्हणून बघा. आणि मी थांबले. देवाशपथ सांगते, त्या अख्ख्या इमारतीनं घसा खाकरला! वर्गावर्गातून ख, ख, ख. कुणी खोकत होतं, कुणी शिक्षक 'पुरे, पुरे' म्हणत होते, वरच्या मजल्यावर बाक बडवले जात होते. मिस्टर हॅलोरनचं बोट बटणावरून उठलं आणि त्यांनी स्वतःही हळूच म्हणून बघितलं. मी शेवटची बातमी दिली, की आपली बास्केटबॉलची टीम काल हरली, तरी कृपया ग्रीट करू नका, आणि ग्रीट म्हणजे रडणं, हे मला फार महागात पडून कळलेलं आहे. लाल दिवा विझला तेव्हा माइक अजून शूगलत होता.

बाहेर मिस रेनर तशाच उभ्या. मी बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला. म्हणाल्या, तू तीन शब्द असे वापरलेस जे या शाळेत कुणी वापरत नाही, आणि तिन्ही सगळ्यांना कळले. सुट्टीनंतर नेहमीच्या वर्गात जा. जाता जाता त्या "ड्रीक" म्हणाल्या, मान हलवली, पुन्हा म्हणून बघितलं, पुन्हा नाही जमलं. लॉकरपाशी ती खुणा करणारी मुलगी तोंडानं बोलली. तिच्याशी मी अजून फोनवर बोलते.

बसमधून उतरले आणि चिखलातून धावतच सुटले. आमच्या स्वयंपाकघरात आई पाटवड्या थापत होती आणि नॅन काकू खुर्चीत ताठ बसून होत्या, कोट न काढता, निकाल ऐकायला आलेल्या माणसासारख्या. "वॉज इट क्लिअर, डिअर?" मी श्वास न घेता सगळं सांगितलं. माइक, स्क्रू, शूगली, ड्रीख, खाकरणारी शाळा, मला मिळालेला वर्ग. आई हातातलं पीठ तसंच घेऊन नाचायला लागली. काकू बघत राहिल्या. तू म्हणालीस? लाउडस्पीकरवर? आणि त्यांनी ते म्हटलं? सगळ्यांनी? सगळ्यांनी, मी म्हटलं, शिक्षकांनीसुद्धा. मग त्यांनी कोटाची बटणं काढली, कोट खुर्चीवर टाकला, आणि बोलायला लागल्या.

आणि मला काही कळेना. शूगल नव्हतं, क्लार्टी नव्हतं, ओळखीचं काहीच नव्हतं. बोलणं धो धो येत होतं, वर चढत होतं, खाली उतरत होतं, मध्येच त्या स्वतःच खळखळून हसत होत्या, टेबलावर थाप मारत होत्या, कुणाची तरी नक्कल करत होत्या, आणि गालांवरून पाणी वाहत होतं ते पुसतही नव्हत्या. तेव्हा मला समजलं, की ही त्यांची भाषा. इतके महिने त्या आमच्यासाठी निवडून, मोडून, सावकाश बोलत होत्या, आणि आम्हाला वाटलं होतं आपण ती शिकलो. मला त्या क्षणी इतका आनंद झाला की मी जागेवरच उड्या मारत होते.

आईनं मला कोपरानं ढोसलं. "काय म्हणून राहिल्या गं?"

"माहीत नाही."

"मग विचार नं त्यांना!"

"नको," मी म्हटलं. "बोलू दे."

आईनं माझ्याकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं. मग गॅस बंद केला, पिठाचे हात पदराला पुसले, आणि खुर्ची ओढून त्यांच्यासमोर ऐकायला बसली.